उचल, मुकादम आणि एक मेंढी: मुलांची तस्करी व धोक्याची मजुरी याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न आम्हाला लोकांनी खरोखर विचारलेले आहेत. काही शिक्षकांनी, काही अंगणवाडी ताईंनी, काही सोसायटीच्या सेक्रेटरींनी, आणि दोन-तीन तर पोर कामाला ठेवणाऱ्यांनीच, जरा आवाज चढवून. क्रम फार विचार करून लावलेला नाही. तुमचा प्रश्न शोधा आणि तिथूनच वाचायला लागा.

मुलांची तस्करी म्हणजे पोरं पळवणारी टोळी ना?

सिनेमात तसं असतं. गाडी येते, दार उघडतं, पोर गायब. प्रत्यक्षात मूल बहुतेक वेळा दिवसाढवळ्या, आईने बांधून दिलेली भाकरी घेऊन निघतं. न्यायला आलेला माणूस अनोळखी नसतो. तो नात्यातला मामा असतो, गावातला मुकादम असतो, गेल्या वर्षी शेजारच्या पोराला 'लाइनीला लावून दिलेला' भला गृहस्थ असतो. त्याने घरात काही हजारांची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, दिलेली असते, आणि पोराला मोबाइल नाहीतर मुंबई दाखवायचं कबूल केलेलं असतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (जुन्या भारतीय दंड संहितेचं ३७०) यालाच तस्करी म्हणतं. राबवून घेण्यासाठी, लैंगिक शोषणासाठी किंवा भीक मागायला लावण्यासाठी एखाद्याला मिळवणं, नेणं, लपवून ठेवणं, दुसऱ्याच्या हवाली करणं किंवा ताब्यात घेणं. आणि त्यासाठी धाक, फसवणूक, आमिष किंवा लाचारीचा फायदा वापरणं. अपहरण हा यातला फक्त एक प्रकार आहे.

पण आईबापांनी राजीखुशीने पाठवलं, पोरगंही 'मला जायचंय' म्हणतं. मग गुन्हा कसला?

कलम १४३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की ज्याची तस्करी झाली त्याची संमती गैरलागू. दोन हजारांसाठी मेटाकुटीला आलेल्या घराने 'हो' म्हटलं, तर त्या 'हो'ला कोर्टात किंमत नाही. ताबा मिळवण्यासाठी पालकाला पैसे देणं हेही त्याच कलमात बसतं.

सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच असतो. पोलीस ठाण्यातही कधीकधी 'आईबापांची तक्रार नाही, मग आम्ही काय करणार' असं ऐकायला मिळतं. गुन्हा दखलपात्र आहे. फिर्याद कुणीही देऊ शकतो, त्यासाठी आईबापांची सही लागत नाही.

मेंढ्या राखायला ठेवलंय, खाऊ-पिऊ घालतात, दिवाळीला कपडे करतात. यात वाईट काय?

हा प्रश्न आम्हाला नाशिक जिल्ह्यातल्या एका पाड्यावर विचारला गेला. विचारणारा माणूस खोडसाळ नव्हता. त्याचं स्वतःचं बालपण असंच गेलं होतं.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या एका कातकरी आदिवासी मुलीचा मृत्यू झाला आणि हा सगळा व्यवहार महाराष्ट्रासमोर आला. कातकरी वस्तीतली लहान मुलं तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबत होती. मोबदला काय? काही हजार रुपये, कुठे त्याहूनही कमी, आणि एक मेंढी. पुढे वेठबिगारी, बालकामगार आणि अ‍ॅट्रॉसिटी अशा तिन्ही कायद्यांखाली गुन्हे नोंदले गेले, आणखी मुलं परत आणली गेली.

आता ते 'काम' जरा जवळून बघा. वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, दर दोन-चार दिवसांनी हलतो, म्हणजे मूल कुठे आहे ते आईबापांना सांगता येत नाही. मेंढ्या उजाडायच्या आत उठवतात. दिवसभर कळपामागे चालायचं, रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळं, लावायचं, लांडगा-कुत्र्यावर लक्ष ठेवायचं. लेंड्या गोळा करायच्या, कोकरांना पाजायचं. एखादी मेंढी हरवली, तर तिची किंमत पोराच्या खात्यावर चढते. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. मूल पळून येत नाही, कारण आता त्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ते कर्ज बापाच्या दारात येऊन उभं राहील हे त्याला ठाऊक आहे. त्याला कुणी साखळी बांधलेली नसते. तिची गरजच पडत नाही.

याला वेठबिगारी म्हणतात, आणि ती १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे. उचल कागदावर असो, तोंडी असो वा मेंढीच्या रूपात असो, कायद्याच्या दृष्टीने ते कर्ज संपलेलं आहे. फेडायचं नाही. 'हे वेठबिगारीचं कर्ज नव्हे' हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम १५ ने मालकावर टाकली आहे, मुलावर नाही. आणि 'पैसे देतो ना' म्हणणाऱ्यांसाठी: किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाड स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे.

कायद्याने मूल म्हणजे किती वर्षांचं? कुणी चौदा सांगतं, कुणी अठरा.

दोघंही बरोबर. बालकामगार कायदा १९८६ चा आहे, २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि नावही बदललं. त्याप्रमाणे १४ च्या आतलं ते बालक, त्याला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. १४ ते १८ किशोरवयीन, त्याला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५ आणि तस्करीचं कलम मात्र १८ पर्यंत सगळ्यांनाच बालक धरतात. म्हणून सोळा वर्षांच्या पोराला उचल देऊन डांबून ठेवलं असेल, तर 'तो चौदाच्या वर आहे' हा बचाव चालत नाही.

बिनधोक कामावरच्या किशोरालाही मर्यादा आहेत. सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नाही, मग तासाभराची सुट्टी. सुट्टी धरून दिवसाचे ६ तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक दिवस रजा. हे पाळणारं हॉटेल कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, आम्ही चहाला जाऊ.

धोक्याचं काम म्हणजे कोणतं?

कायद्याच्या परिशिष्टात खाणी, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटकं आणि कारखाना कायद्यातल्या घातक प्रक्रिया आहेत. २०१७ मध्ये ही यादी वाढवली गेली. पण ती पाठ करायची गरज नाही. धूळ, आग, रसायन, धार, उंची, वजन, रात्र यांपैकी काही दिसलं की फोन करा. यादीत बसतं का ते कामगार अधिकारी बघतील, ते त्यांचं काम आहे.

घरच्या शेतात, दुकानात पोराने हात लावला तरी बालमजुरी?

नाही. २०१६ च्या दुरुस्तीत घरच्या व्यवसायात मदतीची मुभा ठेवली आहे, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याचं काम सोडून. नियम आणखी बारकाईने सांगतात की हे काम संध्याकाळी ७ ते सकाळी ८ करून घ्यायचं नाही, त्याने शिक्षण अडायला नको, आणि मोठ्या माणसाच्या जागी मूल उभं करायचं नाही.

या सवलतीवर बरीच टीका झाली आणि आम्हालाही ती पटते. घराच्या उंबऱ्याआड काय चालतं ते बघायला निरीक्षक जात नाही. ठेकेदार मण्यांची, बिड्यांची, पापडाची पोती घरी टाकून जातो आणि तो झाला 'घरचा व्यवसाय'. आमचा साधा निकष असा: मूल त्या दिवशी शाळेत गेलं होतं का, आणि त्याने हात काढून घेतला तर कुणाचं उत्पादन अडतं? बाहेरच्याचं अडत असेल, तर ती घरची मदत नव्हे.

ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं मूल बालकामगार की नुसतं सोबत गेलेलं?

यावर आमच्यातही वाद होतात, म्हणून जरा सविस्तर.

बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना, परभणी, नाशिकच्या काही भागांतून लाखो माणसं ऑक्टोबर-नोव्हेंबरात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. मजुरीचं एकक माणूस नाही, 'कोयता' आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम जोडीला पावसाळ्यातच उचल देतो आणि ती हंगामभर तोडून फेडायची असते. एक दिवस काम बुडालं तर खाडा, म्हणजे मजुरी नाहीच, वर दंड.

या हिशेबात मुलाचं नाव कुठेच नाही. पण फडात जाऊन बघा. पहाटे चारला कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, माणसं निघतात. बाप तोडतो, आई पाचट साळते आणि मोळ्या बांधते. आठ वर्षांची पोरगी तान्ह्या भावाला काखेला मारून उसाच्या सरीत बसलेली असते. तिच्यामुळे आईचे दोन्ही हात मोकळे असतात. बारा वर्षांचा पोरगा मोळ्या गोळा करतो, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधतो. पेंढ्या विकून आलेल्या पैशांत मीठ-मिरची येते. चौदा-पंधराचा झाला की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो. उसाच्या पात्याने हातापायांवर बारीक चिरा पडतात, घामाने त्या झोंबतात. ट्रॅक्टर मागे घेताना झोपलेलं लेकरू दिसलं नाही, विहिरीच्या काठावरून पाय घसरला, अशा बातम्या दर हंगामात येतात.

म्हणून आमचं मत असं. कागदावर ते 'सोबत गेलेलं' असलं, तरी त्याच्या श्रमावाचून तो कोयता पुरा पडत नाही, आणि फड काही त्याच्या घरचा नाही. ते कामगारच आहे. पण या आईबापांवर गुन्हा टाकून काही साधत नाही. इथे उपाय वेगळा आहे. मूल गावातच राहिलं पाहिजे.

त्यासाठी तीन सोयी आहेत. पहिली, हंगामी वसतिगृह: शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गावातच मुलांच्या जेवणाची व्यवस्था, म्हणजे मूल आजी-आजोबांकडे राहून शाळेत जाऊ शकतं. दुसरी, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना, ही खास ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी २०२१ पासून आहे. तिसरी, शिक्षण हमी कार्ड. मूल गेलंच, तर हे कार्ड दाखवून कारखान्याच्या जवळच्या शाळेत बसता येतं, दाखला लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तर कागद नाहीत म्हणून प्रवेश नाकारताच येत नाही.

आमची तक्रार एकच आहे. वसतिगृहाची मंजुरी पुष्कळदा गाड्या निघून गेल्यावर येते. दसऱ्याला टोळी निघते आणि आदेश नाताळात. मुख्याध्यापकांना विनंती, यादी गणपतीतच पाठवा. शिवाय वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीपोटी तिचं लग्न उरकलं जातं आणि पुढच्या हंगामात तीच नव्या कोयत्याचा अर्धा भाग होते. मुलींचं वसतिगृह वेळेवर उघडलं तर यातली काही लग्नं टळतात, हे आम्ही बघितलं आहे.

गावाकडची मुलगी घरकामाला आणली आहे. आम्ही तिला घरच्यासारखंच वागवतो.

वय काय? चौदाच्या आत असेल तर पुढे बोलायला नकोच. घरकाम आणि ढाबे-हॉटेलं यांवर १० ऑक्टोबर २००६ पासूनच बंदी आहे. चौदाच्या वर असेल, तर ती कुठे झोपते, पगार कुणाच्या हातात पडतो, आईशी फोनवर एकटी बोलू शकते का, आणि तिला उद्या घरी जायचं म्हटलं तर जाता येईल का, या चार प्रश्नांची उत्तरं स्वतःलाच द्या. 'घरच्यासारखी' मुलगी घरच्यांबरोबर टेबलावर जेवते का, हा पाचवा.

मुलाला कामाच्या नावाखाली बांधून ठेवणं, त्याचा पगार रोखणं किंवा स्वतः वापरणं याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७९ खाली ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड आहे. इथे मुलाचं वय १८ पर्यंत धरतात.

शेजारच्या गाळ्यात परप्रांतीय पोरं काम करताना दिसतात. संशय कशावरून घ्यायचा?

मुंबईत गोवंडी, धारावी, मदनपुरा भागांत जरीचे आणि बॅगांचे कारखाने वर्षानुवर्षं बिहार-उत्तर प्रदेशातून आणलेल्या मुलांवर चालले. २००५ मध्ये मोठ्या धाडी पडल्या, हजारो मुलं परत गेली. त्यानंतर बरेच कारखाने आतल्या गल्ल्यांत, वरच्या माळ्यांवर सरकले. अड्डा म्हणजे जरीकामाची लाकडी चौकट. मुलं तिच्या भोवती गुडघे मोडून बसतात आणि रात्री तिच्याच खाली झोपतात. पोटमाळ्याचा जिना काढून ठेवला की मुलांना खाली उतरताच येत नाही.

लक्षात ठेवण्यासारख्या खुणा: मुलं बाहेर फक्त पाणी किंवा चहा आणायला दिसतात, तीही जोडीने. गाळ्याचं शटर अर्धं खाली, पण आत दिवसभर उजेड. नाव विचारलं की मूल आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतं. वय विचारलं तर पाठ केल्यासारखं 'अठरा'. गावाचं नाव सांगतं, तालुका सांगता येत नाही.

पण एक सावधगिरी बाळगा. परराज्यातलं मूल दिसलं म्हणजे तस्करी, असं नसतं. मे २०२३ मध्ये बिहारहून पुणे-सांगलीकडे मदरशांत निघालेल्या ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवलं गेलं, पाच जणांना अटक झाली. पुढे तपासात तस्करी नव्हतीच असं निघालं आणि प्रकरण बंद झालं. मधल्या काळात मुलं निवारागृहात आणि आईबाप गावात हवालदिल. संशय मुलाच्या स्थितीवरून घ्या. त्याची भाषा, टोपी, आडनाव यांवरून नको.

१०९८ ला फोन केला तर पुढे काय होतं?

१०९८ ही चाइल्डलाइन, म्हणायचं 'दहा-नऊ-आठ'. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. फोन फुकट, चोवीस तास. २०२३ पासून ती सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली आली आणि ११२ ला जोडली गेली. फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो, तिथून जिल्ह्याच्या पथकाकडे जातो. मूल त्या क्षणी धोक्यात असेल तर सरळ ११२.

फोन करताना सगळ्यांत उपयोगी पडतो तो पत्ता. 'स्टेशनजवळच्या गल्लीत' असं सांगितलं तर पथक दोन तास फिरतं आणि तेवढ्यात कुणीतरी मालकाला 'साहेब आलेत' म्हणून कळवतं. गाळा नंबर, मजला, खालच्या दुकानाचं नाव, मागचा दरवाजा कुठे उघडतो, मुलं साधारण किती, कोणत्या वेळी नक्की आत असतात, एवढं सांगा. वीटभट्टी किंवा वाडा असेल तर जवळचा मैलाचा दगड किंवा मोबाइलवरचं ठिकाण. नोंद क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा.

बालमजुरीच्या तक्रारींसाठी केंद्राचं 'पेन्सिल' पोर्टलही आहे, सप्टेंबर २०१७ पासून. तिथली तक्रार जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाते. आमचा अनुभव: आधी फोन करा, पोर्टलवर मागाहून.

माझं नाव कळेल का?

नाव न सांगता तक्रार करता येते, आणि लहान गावात तेच शहाणपणाचं. एक मात्र आहे. हरवलेलं, पालकांविना सापडलेलं मूल आपल्या ताब्यात आल्यावरही न कळवणं हाच बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे, कलम ३२ आणि ३३. दोन ओळींचा फोन तुम्हाला त्यातून मोकळं करतो.

आपणच दोन-चार जण जाऊन पोरांना बाहेर काढलं तर? किंवा व्हिडिओ व्हायरल केला तर?

दोन्ही नको. तुम्ही आत गेलात की मालक मुलांना मागच्या दाराने हलवतो, आणि पुरावा म्हणून तुमच्या हातात उरतो एक रिकामा गाळा. वर घुसखोरीची उलटी तक्रार. एका तरुण मंडळाने असा पराक्रम केला होता. ती नऊ मुलं पुन्हा सापडायला चार महिने लागले.

व्हिडिओबद्दल: मुलाचा चेहरा, नाव, शाळा, पत्ता, काहीही उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे कुणी विचारत नाही. ग्रुपवर 'शेअर करा' म्हणून आलेला फोटो पुढे ढकलणाऱ्यालाही ते लागू.

रेल्वेत किंवा एसटी स्टँडवर मूल दिसलं तर?

गाडीत असाल तर १३९, किंवा डब्यातल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला सांगा. मोठ्या स्थानकांवर बालकांसाठी मदत कक्ष असतो. रेल्वे सुरक्षा दल एकटी सापडलेली मुलं 'नन्हे फरिश्ते' मोहिमेत आणि तस्करीतली 'आहट' मोहिमेत ताब्यात घेतं. मुलाला खायला द्या, गप्पा मारा, पण 'तुला कुणी पळवलंय का' असं थेट विचारू नका. बरोबरचा माणूस ऐकत असतो.

मुलाला सोडवल्यावर त्याला ठेवतात कुठे?

२४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ वगळून. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. समिती मुलाचं ऐकून घेते, तूर्त बालगृहात ठेवते, घरची चौकशी करायला लावते. वयावरून वाद झाला तर आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. मालकाने करून दिलेल्या आधार कार्डावरची तारीख या यादीत नाही.

मुलं पहिल्या दिवशी खुश नसतात. रडतात, 'मला सेठकडे जायचंय' म्हणतात, कारण पगार त्याच्याकडे अडकलेला असतो आणि हप्ता घरी जायचा असतो. ते ऐकून पथकातल्या नव्या पोरींना वाईट वाटतं. मुलाचा अडकलेला पगार किती, हे पहिल्याच जबाबात लिहून घ्यायला हवं. नंतर ते कुणी विचारत नाही.

पैसे किती मिळतात, आणि कुणाकडून?

वेठबिगारीतून सुटलेल्या मुलाला २०१६ च्या केंद्रीय योजनेतून २ लाख रुपये, लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकारात ३ लाख. तातडीची मदत ३० हजारांपर्यंत. मात्र या सगळ्याची किल्ली एका कागदात आहे: मुक्ततेचा दाखला. तो प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी देतात. धाडीच्या गडबडीत फक्त बालकामगार कायदा लावला आणि वेठबिगारीचा पंचनामाच केला नाही, तर दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणजे रक्कम नाही. असं वारंवार होतं. धाडीच्या वेळी तिथे असाल तर महसूलचा माणूस बरोबर आहे का ते विचारा, आणि उचल किती दिली होती ते जबाबात आलं का ते बघा.

याशिवाय मालकाकडून प्रत्येक मुलामागे २० हजार वसूल करायचे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा आदेश आहे. शिक्षेत झालेला दंड जिल्ह्याच्या निधीत जातो आणि सरकार त्यात मुलामागे १५ हजार घालतं.

मालकाला शिक्षा किती? आणि आईबापांना?

बालकामगार कायद्यात ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही. एकदा दोषी ठरल्यावर पुन्हा तेच केलं तर १ ते ३ वर्षं. हे ऐकून मालक हसतो, कारण दंड भरून मोकळं होता येतं. म्हणून तस्करीचं कलम लागणं महत्त्वाचं. एका मुलासाठी किमान १० वर्षं ते जन्मठेप, एकाहून जास्त मुलं असतील तर किमान १४ वर्षं.

पालकांना बालकामगार कायद्यात पहिल्या वेळी शिक्षा नाही. पुन्हा झालं तर १० हजारांपर्यंत दंड.

मूल हरवलंय, पोलीस 'दोन दिवस वाट बघा' म्हणतात.

वाट बघायची नाही. १० मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा म्हणून नोंदवायची असते. हद्द कुठली हाही प्रश्न नाही, शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) कुठल्याही ठाण्यात नोंद होते. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे गेला पाहिजे.

टीव्ही मालिकेत आणि रिॲलिटी शोमध्ये काम करणारी मुलं?

चालतात, अटींवर. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला ५ तास, सलग ३ तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, आणि कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत ठेव. सर्कशीत मात्र नाही.

आम्ही गोव्यात राहतो. नियम वेगळे?

केंद्राचे कायदे तेच, वर गोव्याचा स्वतःचा बालक कायदा आहे, २००३ चा. पर्यटनाच्या धंद्यात मुलांचं काय होऊ शकतं याचा तो फार आधी केलेला विचार आहे. घरच्या किंवा नात्यातल्या माणसाशिवाय मुलाला हॉटेलच्या खोलीत राहू द्यायचं नाही, ही जबाबदारी त्याने हॉटेलवाल्यांवर टाकली. खटल्यांसाठी बाल न्यायालयही आहे.

शाळेने काय करायचं?

नाव पटावरून कमी करू नका. मूल सलग गैरहजर राहिलं की घरी जा. 'मामाकडे गेलाय' असं उत्तर आलं तर मामाचं गाव आणि फोन नंबर विचारा. खरा मामा असेल तर सांगायला अर्धं मिनिट लागतं. ३० दिवस सलग न कळवता गैरहजेरी झाली तर मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला कळवायचं, असं नियमातच आहे. ग्राम बाल संरक्षण समिती प्रत्येक गावात असते, सरपंच तिचे अध्यक्ष. बैठक शेवटची कधी झाली ते विचारून बघा. उत्तराऐवजी हसू आलं तर बैठक लावायला सांगा आणि पहिला विषय द्या: गावातून या वर्षी कोणकोणती मुलं बाहेर गेली.

घर पोराच्या कमाईवर चालतं. काम सुटलं तर ते खाणार काय?

रास्त प्रश्न. महिला व बाल विकास विभागाच्या सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेतून पात्र मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात, मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्व योजनेतून महिना ४,०००. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात. त्याखेरीज रेशन कार्ड, जातीचा दाखला, रोजगार हमीचं जॉबकार्ड. कातकरी वस्तीवर बऱ्याच घरांकडे यांतलं काहीच नसतं आणि उचल नेमकी अशाच घरांत शिरते. म्हणून आमचे कार्यकर्ते मुलाला घरी पोचवायला जाताना बरोबर फॉर्मचा गठ्ठा नेतात. मुलाच्या गळ्यात हार घालणारे पुढारी बहुधा त्या वेळी निघून गेलेले असतात.

तक्रार केली, मूल सुटलं, आणि सहा महिन्यांनी तेच पोर पुन्हा त्याच गाळ्यात दिसलं. आता?

पुन्हा १०९८. जुना नोंद क्रमांक सांगा. मालकाची ही दुसरी वेळ आहे, आणि आधी दोषी ठरला असेल तर आता किमान १ वर्ष कैद, हे फोनवरच म्हणा आणि जुन्या गुन्ह्याचा क्रमांक माहीत असेल तर तोही द्या. मग बाल कल्याण समितीला एक साधा अर्ज लिहा, टाइप केलेला नसला तरी चालतो: मुलाला घरी कोणत्या तारखेला पाठवलं, त्यानंतर घरी कोण भेटायला गेलं, मुक्ततेचा दाखला निघाला का, रक्कम जमा झाली का, शाळेत नाव घातलं का. पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.